‘फ्रोझन’ म्हटलं म्हणून गोठलं का? अपरिवर्तनीय प्रॉपर्टी आणि तिच्या आडवाटा



पेट निघाली, गाईड ठरले आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. संगणकावर प्रयोग करणाऱ्यांच्या ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: “सर्व सेटिंग अपरिवर्तनीय ऑब्जेक्टमध्ये ठेवल्या आहेत, त्यामुळे सगळे प्रयोग एकाच अटींवर झाले.” वाक्य भारदस्त आहे आणि गाईडही सहसा त्यावर खूण करत नाहीत. पण बाहेरचे परीक्षक प्रोग्रामिंग जाणणारे निघाले तर मौखिक परीक्षेत याच वाक्यावर बोट ठेवतील. या वाक्यातला ‘त्यामुळे’ बहुतेक भाषांत टिकत नाही.

आज त्या ‘त्यामुळे’ची तपासणी करू. पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्ट या तीन भाषा ‘ही प्रॉपर्टी बदलता येणार नाही’ असं वचन देतात. ते वचन किती खरं आहे, त्याला आडवाट कुठून जाते आणि ती आडवाट असणं योग्य आहे का, हे पाहू. माझं मत आधीच सांगून टाकते. आडवाट असणं हा मोठा दोष नाही. आडवाटेने कोण गेलं, कोणाच्या परवानगीने गेलं आणि मागे काय खूण राहिली, हे कळायला मार्ग नसणं हा दोष आहे. या कसोटीवर तिन्ही भाषांना वेगवेगळे गुण पडतात.

आधी उदाहरण ठरवू

हवेतलं उदाहरण नको, आपल्या घनसावंगीचं घेऊ. समजा तुम्ही तालुक्यातल्या पावसाचा अभ्यास करताय. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात. म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये एक ‘सेटिंग’ ऑब्जेक्ट असेल. त्यात एक फील्ड ‘उंबरठा’, किंमत ६५. दुसरं फील्ड ‘मंडळे’, त्यात यादी: घनसावंगी, तीर्थपुरी, राणी उंचेगाव, कुंभार पिंपळगाव, जांब समर्थ वगैरे.

आता विचार करा. प्रोग्राम चालू असताना मधेच कुठेतरी ६५ चा ६० झाला तर? किंवा यादीत शेजारच्या तालुक्यातलं एक मंडळ घुसलं तर? प्रोग्राम थांबणार नाही, एररही येणार नाही. तक्ता तयार होईल, आलेख सुबक येईल, फक्त आकडे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतील. म्हणूनच आपण ऑब्जेक्ट ‘गोठवतो’. हेतू रास्त आहे. प्रश्न एवढाच की गोठवल्यावर नेमकं काय गोठतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण बहुतेक नोट्समध्ये त्या एकत्र कालवलेल्या असतात. एक म्हणजे आडवाट: बंदी आहे, पण ती ओलांडायचा मार्गही भाषेनेच दिला आहे. दुसरी म्हणजे उघडी बाजू: तिथे बंदी नव्हतीच, आपण ती आहे असं गृहीत धरलं. पहिलीसाठी कोणालातरी मुद्दाम हात घालावा लागतो. दुसरी कोणाच्याही हातून सहज होते. प्रत्यक्षात निकाल बिघडतो तो जास्त करून दुसरीमुळे, आणि चर्चा मात्र सगळी पहिलीची होते.

पायथॉन: कुलूप लावणाराच किल्ली दारावर ठेवतो

पायथॉनमध्ये २०१८ साली ३.७ आवृत्तीपासून डेटाक्लास आले. त्याला ‘फ्रोझन’ हा पर्याय दिला की फील्डला नवी किंमत देताना एरर येते. नवखा विद्यार्थी इथे खूश होतो. पण पायथॉनची अधिकृत माहितीच सांगते की खरोखर अपरिवर्तनीय ऑब्जेक्ट बनवणं या भाषेत शक्य नाही, फ्रोझनने फक्त तसा आभास उभा करता येतो. ही ओळ न वाचताच ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द प्रबंधात जातो.

आभास कसा, तर फ्रोझन क्लास आपल्या अंगावर एक पहारेकरी बसवतो. ‘डंडर सेटॲट्र’ नावाची मेथड असते, फील्डला किंमत देताना तीच बोलावली जाते. फ्रोझन क्लासमधली ही मेथड सरळ एरर फेकते. पण सगळ्या क्लासांचा मूळ पुरुष जो ‘ऑब्जेक्ट’, त्याची स्वतःची डंडर सेटॲट्र शाबूतच असते. तिला थेट हाक मारून “या सेटिंगमधला उंबरठा १०० कर” म्हटलं की झालं. पहारेकऱ्याला विचारायची गरजच पडत नाही.

गंमत म्हणजे ही आडवाट चोरांसाठी नाही. फ्रोझन डेटाक्लासचा कन्स्ट्रक्टर स्वतःच ती वापरतो. साहजिक आहे, ऑब्जेक्ट जन्माला येताना पहिली किंमत भरायला कुठूनतरी आत जावं लागतंच, आणि समोरच्या दारात पहारेकरी आधीच बसलेला असतो. तुम्ही ‘पोस्ट इनिट’मध्ये एखादं फील्ड मोजून भरता, तेव्हाही हेच करावं लागतं. स्टँडर्ड लायब्ररीतली ‘कॅश्ड प्रॉपर्टी’ही तेच करते: एकदा मोजलेली किंमत ती ऑब्जेक्टच्या आतल्या डिक्शनरीत थेट लिहून ठेवते, म्हणून फ्रोझन ऑब्जेक्टवरही चालते. ३.१० पासून मिळणारा ‘स्लॉट्स’ पर्याय दिला तर ही डिक्शनरी राहत नाही आणि तो एक मार्ग बंद होतो. पण मूळ ऑब्जेक्टची मेथड तरीही उघडी असते.

यावर पायथॉनवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: आपण सगळे सज्ञान आहोत, कोणी मुद्दाम असं करणार नाही. या उत्तरात तथ्य आहे. टेस्ट लिहिताना, फाइलमधून ऑब्जेक्ट परत उभा करताना आडवाट लागते. पण सज्ञानपणाच्या या तत्त्वाला मर्यादा आहेत. तुमच्या प्रोग्राममध्ये तुम्ही एकटे नसता, चाळीस लायब्रऱ्या असतात. त्यातली कोणती काय करते हे तुम्ही वाचलेलं नसतं. आणि आडवाटेने गेलेल्याची पायथॉन कुठेही नोंद करत नाही, इशाराही देत नाही.

नुकसान कसं होतं बघा. फ्रोझन डेटाक्लासला आपोआप हॅश मिळतो, म्हणून तो सेटमध्ये किंवा डिक्शनरीची की म्हणून ठेवता येतो. समजा ‘शेत’ हा फ्रोझन क्लास आहे, गट क्रमांक आणि क्षेत्र ही दोन फील्ड. एक शेत सेटमध्ये टाकलं. मग आडवाटेने त्याचं क्षेत्र बदललं. आता सेटला विचारा, “हे शेत तुझ्यात आहे का?” उत्तर बहुधा ‘नाही’ असं येईल, कारण हॅश बदलला आणि सेट त्याला भलत्याच खणात शोधतोय. पण त्याच सेटवर लूप फिरवलं तर तेच शेत समोर उभं राहतं. मोजलं तर आहे, विचारलं तर नाही. असा बग शोधायला आठवडा जातो.

आता उघडी बाजू. आपल्या सेटिंगमधली ‘मंडळे’ ही लिस्ट आहे. फ्रोझनने फक्त ‘मंडळे’ या नावाला दुसरी लिस्ट चिकटवायला बंदी केली. असलेल्या लिस्टच्या पोटात नवं मंडळ ॲपेंड करायला कोणतीही आडवाट लागत नाही, पहारेकऱ्याला कळतही नाही. लिस्टऐवजी टपल वापरा, हे सोपं औषध. तपासायची एक युक्ती: फ्रोझन ऑब्जेक्टचा हॅश काढून बघा. आत लिस्ट, डिक्शनरी किंवा नमपायचा ॲरे असेल तर हॅश काढतानाच एरर येते. युक्ती शंभर टक्के नाही, कारण साध्या क्लासच्या ऑब्जेक्टला बदलता येत असूनही हॅश असतो. पण पाच सेकंदांत बरंच काही कळतं.

नमपाय वापरत असाल तर आणखी एक. ॲरेला ‘फक्त वाचण्यासाठी’ असं चिन्ह लावता येतं. पण ॲरे आपल्या मेमरीचा स्वतःच मालक असेल तर तेच चिन्ह पुन्हा उलटही करता येतं. आणि तुमच्याकडे फक्त वाचता येणारा ‘व्ह्यू’ असला, तरी मूळ ॲरे दुसऱ्या कोणी बदलला की तुमच्या व्ह्यूतले आकडेही बदलतात. आरवाल्यांनी हसू नये. आरमध्ये ‘लॉकबाइंडिंग’ आहे तसं ‘अनलॉकबाइंडिंग’ही आहे, आणि दोन्ही मूळ भाषेतच.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना सांगितली जात नाही. डेटाक्लास नवा म्हणून चांगला आणि नेम्डटपल जुना म्हणून मागास, असा समज आहे. अपरिवर्तनीयतेपुरतं उलट आहे. नेम्डटपलच्या किमती खऱ्या टपलच्या आत असतात, त्यामुळे मूळ ऑब्जेक्टच्या मेथडला हाक मारूनही त्या बदलत नाहीत, एरर येते. मेमरीत थेट हात घालणारी सी-टाइप्ससारखी हत्यारं सोडली, तर नेम्डटपलचं वचन जास्त पक्कं आहे. कारण सरळ आहे: डेटाक्लासने साध्या ऑब्जेक्टभोवती पहारा बसवला, टपलची रचनाच न बदलण्यासाठी केलेली आहे.

जावा: वीस वर्षांची सवलत आणि तिचा हिशेब

जावातला ‘फायनल’ शब्द पायथॉनपेक्षा कडक. कंपायलर आधीच अडवतो. पण जावात ‘रिफ्लेक्शन’ नावाची सोय आहे: चालू प्रोग्राम स्वतःकडेच आरशात बघतो, फील्ड शोधतो, ‘सेट ॲक्सेसिबल’ म्हणून त्याचं दार उघडतो आणि किंमत लिहितो. २००४ च्या जावा ५ पासून ऑब्जेक्टच्या फायनल फील्डवरही असं लिहिता येऊ लागलं. कारण व्यवहाराचं होतं. फाइलमध्ये साठवलेला ऑब्जेक्ट परत उभा करणाऱ्या लायब्रऱ्यांना कन्स्ट्रक्टरला वळसा घालून फायनल फील्ड भरायची होती. त्या एका गरजेसाठी दार उघडलं, आणि उघडलं ते सगळ्यांसाठीच.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. पहिली गतीची. फायनल म्हणजे फायनल असा भरवसा असेल तर व्हर्च्युअल मशीन ती किंमत एकदाच वाचून पुढे स्थिरांक म्हणून वापरू शकतं. आडवाट उघडी असल्यामुळे हा भरवसा सरसकट ठेवता येत नाही. म्हणजे आडवाट कधीही न वापरणाऱ्या प्रोग्रामवरही तिचा बोजा पडतो.

दुसरी किंमत अर्थाची. फायनल फील्डला जाहीर करतानाच थेट ६५ लिहिलं असेल, तर कंपायलर वापराच्या प्रत्येक जागी सरळ ६५ च कोरून टाकतो. नंतर रिफ्लेक्शनने फील्डमध्ये १०० लिहिलं, तर रिफ्लेक्शनने वाचताना १०० दिसतं आणि बाकी प्रोग्राम ६५ धरून चालतो. एकाच ऑब्जेक्टबद्दल दोन सत्यं, आणि दोन्ही एकाच वेळी खरी! जुन्या जावात इंटीजरच्या कॅशमधली किंमत रिफ्लेक्शनने बदलून दोन अधिक दोन पाच करून दाखवायचा खेळ पुष्कळांनी खेळलाय. हॉस्टेलवर मजा येते, पण त्याच मशीनवर तुमचं सांख्यिकी विश्लेषण चालतं हेही लक्षात असू द्या.

जावाचं कौतुक करायचं ते पुढच्या प्रवासाचं. २०१७ साली जावा ९ मध्ये मॉड्यूल आले. जावा १२ मध्ये ‘स्टॅटिक फायनल’ बदलायची एक प्रसिद्ध क्लृप्ती बंद झाली. जावा १६ मध्ये ‘रेकॉर्ड’ कायमचे भाषेत आले, आणि रेकॉर्डची फील्ड रिफ्लेक्शनने बदलता येत नाहीत. जावा १७ पर्यंत स्वतः जेडीकेच्या आतली बहुतेक दारं लागली, त्यामुळे तो दोन अधिक दोनचा खेळही आता सहज चालत नाही. आणि २०२६ च्या जेडीके २६ मध्ये ‘जेप ५००’ आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फायनल फील्ड रिफ्लेक्शनने बदललंत तर सध्या इशारा छापला जाईल, पुढच्या एखाद्या आवृत्तीत थेट नकार मिळेल. ज्याला खरंच गरज आहे त्याने प्रोग्राम सुरू करताना कमांड लाइनवर मॉड्यूलचं नाव घेऊन परवानगी द्यावी.

ही रचना मला आवडते, कारण परवानगी देणारा माणूस बदलला. आधी लायब्ररी लिहिणाराच स्वतःला परवानगी देत होता. आता ती प्रोग्राम चालवणारा देतो, म्हणजे निकालाखाली ज्याची सही असते तो. पण यातही एक फट आहे. मॉड्यूल न वापरता जुन्या पद्धतीने क्लासपाथवर ठेवलेल्या सगळ्या कोडला मिळून एकच सामायिक नाव आहे. ते नाव घेऊन परवानगी दिली की एका लायब्ररीसाठी उघडलेलं दार चाळिसांना उघडतं. प्रयोगशाळेतला बहुतेक कोड क्लासपाथवरच असतो. म्हणजे ज्यांना या सुधारणेची जास्त गरज, त्यांना तिचा फायदा कमी.

जावास्क्रिप्ट: आडवाट नाही, पण भिंतही अर्धीच

जावास्क्रिप्टला हसायची पद्धत आहे, पण इथे न्यायाने बोलायला हवं. ‘ऑब्जेक्ट फ्रीझ’ २००९ च्या पाचव्या प्रमाण आवृत्तीपासून आहे आणि भाषेत ‘अनफ्रीझ’ नाहीच. एकदा गोठवलेल्या ऑब्जेक्टची स्वतःची प्रॉपर्टी बदलायला भाषेच्या आतून मार्ग नाही. आडवाटेच्या कसोटीवर ही भाषा पायथॉनच्या पुढे आहे.

पण उघड्या बाजू तीन. एक, गोठणं फक्त वरच्या थराचं; प्रॉपर्टीत दुसरा ऑब्जेक्ट असेल तर तो मोकळाच. दोन, गोठवलेल्या ‘मॅप’मध्ये नवी नोंद खुशाल टाकता येते आणि गोठवलेली ‘डेट’ही बदलता येते, कारण त्यांचा खरा माल प्रॉपर्टीत नसतोच, आतल्या खास जागेत असतो. तीन, आणि ही माझ्या मते सगळ्यात वाईट: स्ट्रिक्ट मोड नसेल तर गोठवलेल्या प्रॉपर्टीला किंमत देण्याचा प्रयत्न गुपचूप वाया जातो. एरर नाही, इशारा नाही. तुम्हाला वाटतं उंबरठा १०० झाला, प्रत्यक्षात ६५ च आहे. किंमत सुरक्षित राहिली हे खरं, पण तुमचा प्रयोग तुम्हाला वाटतोय तो राहिला नाही. मॉड्यूल आणि क्लासच्या आत स्ट्रिक्ट मोड आपोआप असतो, जुन्या स्क्रिप्टमध्ये तो मागून घ्यावा लागतो.

हाच प्रश्न तलाठी सज्जावर

हा सगळा काथ्याकूट संगणकापुरता वाटत असेल तर सातबारा आठवा. प्रोग्रामिंग भाषा आत्ता कुठे ज्याकडे वळतायत, तो विचार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये लिहिलेला आहे.

सातबारा हा आजची स्थिती दाखवणारा कागद. त्यावर कोणी खोडून नवं नाव लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नवी नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. जुनं नाव कंसात जातं, शेजारी फेरफार क्रमांक राहतो. म्हणजे न पुसण्याचं वचन सातबाऱ्याने दिलेलं नाही, ते फेरफार नोंदवहीचं आहे. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंतच. ‘बदलत नाही’ असा दावा कायदा करतच नाही.

आणि आडवाट? ती आहे: कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. गट क्रमांकाचा आकडा चुकला, आडनाव चुकलं, तर प्रत्येक वेळी पूर्ण प्रक्रिया कशाला? म्हणून अधिकाऱ्याला लेखनातली चूक किंवा संबंधितांनी मान्य केलेली चूक दुरुस्त करता येते. तपासणीत अधिकाऱ्याच्या स्वतःच्या नजरेला चूक आली तर मात्र आधी नोटीस आणि हरकतींचा निकाल, मगच दुरुस्ती. गंमत पाहा, कायद्याने आडवाटेवरही फाटक बसवलंय. मालकी हक्काचा वाद ‘लेखनप्रमाद’ म्हणून या वाटेने आत नेणं म्हणजे कन्स्ट्रक्टरसाठी ठेवलेल्या मेथडने उंबरठा बदलणं. हत्यार तेच, हेतू दुसरा.

फाटकं असूनही भागतं असं नाही. २०२५ मध्ये आपल्याच अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाचं प्रकरण गाजलं. याद्यांत बोगस नावं घालून अनुदान उचलल्याच्या आरोपावरून कर्मचाऱ्यांचं निलंबन झालं, गुन्हा दाखल झाला. आरोप खरे-खोटे ठरवणं न्यायालयाचं काम, त्यात मी पडत नाही. आरोपांमध्ये वरिष्ठांचं लॉगिन वापरल्याचाही मुद्दा होता, आपल्या विषयापुरता तेवढा घेऊ. लॉगिन खरं असेल तर प्रणालीच्या दृष्टीने सगळं नियमात असतं. तिथे कुलूप कितीही मजबूत करा, उपयोग नाही. कामी येतं ते एवढंच: कोणत्या लॉगिनने, कोणत्या दिवशी, कोणती नोंद केली हे नंतर ताडून पाहता येणं. तिथे नुकसान शेतकऱ्याचं, तुमच्या प्रबंधात नुकसान तुमच्या निष्कर्षाचं. पण तपासाची पद्धत एकच.

मग निकाल काय?

तीन प्रश्न विचारायचे: बंदी नेमकी कशावर आहे, आडवाटेची परवानगी कोण देतं, आणि मागे खूण राहते का.

पायथॉनचा फ्रोझन: बंदी नावावर, पोटातल्या वस्तूवर नाही. परवानगी कोणीही स्वतःला देतो. खूण शून्य. मी याला ‘अपरिवर्तनीय’ म्हणणार नाही, ‘चुकून बदलू नये म्हणून लावलेली कडी’ म्हणेन. कडीचाही उपयोग असतो, शेळी बाहेर जात नाही. पण कडीला तिजोरी म्हणू नये.

जावाचा फायनल: वीस वर्षं शब्द एक आणि वागणूक दुसरी. आता परवानगी चालवणाऱ्याकडे आली, इशाऱ्याची खूण राहते. दिशा बरोबर, पण काम अपुरं. नवा कोड लिहिताय तर रेकॉर्ड वापरा. फक्त रेकॉर्डच्या पोटातली लिस्टही मोकळीच असते, ‘लिस्ट कॉपी ऑफ’ने न बदलणारी प्रत करून मगच आत ठेवा.

जावास्क्रिप्टचा फ्रीझ: वरच्या थरापुरतं वचन पक्कं, परवानगीचा प्रश्नच नाही. पण स्ट्रिक्ट मोडशिवाय ती मुकी आहे, आणि संशोधनात मुकं हत्यार धोक्याचं.

तुम्ही काय करायचं

पहिलं, सेटिंगमध्ये फक्त आकडे, मजकूर आणि टपल ठेवा. लिस्ट आणि डिक्शनरी आत आली की वचन संपलं.

दुसरं, बदल हवा असेल तर नवी प्रत काढा. डेटाक्लासला ‘रिप्लेस’ आहे, नेम्डटपललाही आहे. ६५ चा प्रयोग एक ऑब्जेक्ट, १०० चा प्रयोग दुसरा ऑब्जेक्ट. दोन्हींना वेगळी नावं द्या. हा झाला तुमचा फेरफार.

तिसरं, प्रत्येक रनच्या सुरुवातीला आणि शेवटी सेटिंग फाइलमध्ये लिहून काढा आणि दोन्ही ताडून बघा. मधे कोणी आडवाटेने शिरलं आणि बदल तसाच ठेवून गेलं, तर इथे पकडलं जातं. बदलून परत पूर्ववत केलं तर मात्र हे सापडणार नाही, हेही माहीत असू द्या.

चौथं, कच्च्या डेटाच्या फाइलचा शा-२५६ हॅश पहिल्याच दिवशी काढून वहीत लिहा, आणि गाईडनाही पाठवा. फाइलला ‘फक्त वाचण्यासाठी’ करणं पुरेसं नाही. मालकाला ती परवानगी परत बदलता येते, आणि युनिक्समध्ये फाइल पुसता येईल की नाही हे फोल्डरच्या परवानगीवर ठरतं, फाइलच्या नाही. हॅश बदल अडवत नाही, पण बदल झाला की सांगतो. दुसऱ्याकडे पाठवलेला हॅश तुम्हालाही नंतर बदलता येत नाही, म्हणून गाईडना पाठवायचा.

पाचवं, स्वतःच्या कोडमध्ये आडवाट वापरणं भागच असेल तर ती एकाच फंक्शनमध्ये ठेवा, वर कारण लिहा आणि प्रत्येक वापराची लॉगमध्ये ओळ पडू द्या. मग अख्ख्या कोडमध्ये ‘सेटॲट्र’ शोधा. त्या फंक्शनबाहेर कुठे सापडलं तर ते का आहे, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

एवढं केल्यावर सिनॉप्सिसमधलं ते वाक्य असं लिहा: “सेटिंग फ्रोझन ऑब्जेक्टमध्ये ठेवल्या असून त्यामुळे चुकून होणारे बदल टळतात. हेतुपुरस्सर बदल या रचनेने अडत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी व शेवटी सेटिंगची नोंद घेतली आहे आणि मूळ डेटाचा हॅश परिशिष्टात दिला आहे.” वाक्य लांबलं खरं. पण परीक्षकांनी विचारलं, “हे बदललं नाही कशावरून?” तर तुम्हाला भाषेच्या वचनावर विसंबून राहावं लागणार नाही, परिशिष्टाचं पान उघडून दाखवता येईल.